तीन डोळ्यांचा चौकोन

बालमित्रांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. नीट ऐका हं!

अंगावर काळे-पांढरे ठिपके, पण मी वासरू नाही. तीन डोळे आहेत, पण मी शंकर नाही. तोंड नाही, तरी गोष्ट सांगतो, गाणं म्हणतो. किराणा दुकानात असतो, रसवंतीवर असतो आणि तुमच्या दप्तरातसुद्धा असतो. सांगा पाहू, मी कोण?

अगदी बरोबर! क्यूआर कोड. बालभारतीचं एखादं पुस्तक दप्तरातून काढा. एखाद्या कोपऱ्यात तो काळा-पांढरा चौकोन गपचूप बसलेला दिसेल. रोज बघतो आपण त्याला. पण तो तिथे आला कुठून? त्याच्या पोटात काय आहे? आणि तो बोलतो म्हणजे नेमकं काय करतो? चला, आज त्याचीच गोष्ट ऐकू. या गोष्टीत माझी एक चूकही आहे. तीही सांगणार आहे, लपवणार नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या नेर तालुक्यात शिकवते. अमरावतीहून यवतमाळला जाताना एसटी जिथे थांबते तेच हे नेर. जुनी माणसं त्याला अजून नेर परसोपंत म्हणतात. आजूबाजूला कापूस, सोयाबीन आणि तुरीची वावरं. माझा वर्ग चौथीचा. खिडकीबाहेर एक मोठं कडुनिंबाचं झाड आहे. त्यालाही या गोष्टीत काम आहे बरं का!

गोष्ट सुरू होते जपानात

बिस्किटाच्या पुड्यावर उभ्या काळ्या रेघा तुम्ही पाहिल्या असतील. त्यांना बारकोड म्हणतात. जपानमध्ये डेन्सो नावाची कंपनी मोटारींचे सुटे भाग बनवते. तिथल्या कारखान्यात प्रत्येक खोक्यावर अशा रेघांच्या पट्ट्या लावलेल्या असत. पण एका पट्टीत मावत फक्त वीसेक अक्षरं. मग एकेका खोक्यावर अनेक पट्ट्या लावाव्या लागत आणि कामगारांना त्या एकामागून एक यंत्राने वाचाव्या लागत. दिवसाला हजाराच्या आसपास! हात दुखून येत बिचाऱ्यांचे.

त्याच कंपनीत मासाहिरो हारा नावाचे एक इंजिनिअर होते. त्यांना 'गो' नावाचा खेळ फार आवडायचा. आपल्या बुद्धिबळासारखाच पटावरचा खेळ, पण त्यात काळ्या आणि पांढऱ्या सोंगट्या चौकटींच्या जाळीवर मांडतात. एके दिवशी दुपारच्या सुट्टीत पटाकडे पाहताना त्यांच्या मनात आलं, माहिती एकाच ओळीत कशाला कोंबायची? ती अशी जाळीवर, आडवी आणि उभी, दोन्हीकडे पसरली तर?

झालं! त्यातूनच १९९४ साली क्यूआर कोड जन्माला आला. क्यूआर म्हणजे 'क्विक रिस्पॉन्स', अर्थात झटपट उत्तर. रेघांच्या पट्टीत वीसेक अक्षरं मावत होती, तर या चौकोनात जास्तीत जास्त ७०८९ आकडे मावतात. आणि खरी मोठेपणाची गोष्ट पुढेच आहे. कंपनीने तो सगळ्यांना वापरायला मोकळा ठेवला. वापरलात तर पैसे द्या, असं म्हटलं नाही. म्हणून तर तो जपानच्या कारखान्यातून निघून नेरच्या किराणा दुकानापर्यंत येऊन पोचला.

तीन डोळे कशाला?

सगळ्यात लहान क्यूआर कोडमध्ये २१ आडव्या आणि २१ उभ्या ओळी असतात. म्हणजे घरं किती झाली? करा गुणाकार. ४४१. सगळ्यात मोठ्या कोडमध्ये १७७ गुणिले १७७ घरं असतात. ते उत्तर मी सांगणार नाही, पाटीवर करा.

काळं घर म्हणजे १ आणि पांढरं घर म्हणजे ०, असं समजा. एवढे दोनच आकडे! आपली बाराखडी केवढी मोठी, पण यंत्राची लिपी एवढीशी. या दोन आकड्यांच्या रांगा लावून अक्षरं बनतात आणि अक्षरांची वाक्यं.

पण मोबाईलला कळतं कसं की समोर आहे तो कोडच आहे, साधी नक्षी नाही? त्यासाठीच ते तीन डोळे. तीन कोपऱ्यांत काळी चौकट, तिच्या आत पांढरी आणि त्याच्या आत काळा ठोकळा. डोळ्याच्या मधून कुठूनही सरळ रेघ मारा, काळं-पांढरं-काळं-पांढरं-काळं हे नेहमी १, १, ३, १, १ या मापातच भेटतं. हारांच्या गटाने म्हणे मासिकं, जाहिरातींचे कागद, खोकी असं बरंच काही तपासलं आणि छापील कागदावर सहसा न सापडणारं हे माप शोधून काढलं. चौथ्या कोपऱ्यात मोठा डोळा नाही, म्हणूनच मोबाईलला वरची बाजू कोणती आणि खालची कोणती हे समजतं. कोड उलटा धरा नाहीतर तिरका, तो वाचलाच जाणार.

आमच्या वर्गात आम्ही एक गंमत केली. पुस्तकातल्या कोडच्या बरोबर मधे एक चिंचोका ठेवला. मोबाईलने वाचला! एवढंसं झाकलं तरी त्याचं काही अडलं नाही. मग तोच चिंचोका एका डोळ्यावर ठेवला. संपलं! मोबाईल नुसता बघत राहिला.

असं का होतं? 'यव_माळ' असं मी फळ्यावर लिहिलं तर राहिलेलं अक्षर तुम्ही मनातल्या मनात भरता की नाही? तसंच आहे. कोडमध्ये थोडी जादा माहिती आधीच लिहून ठेवलेली असते. काही भाग फाटला, भिजला तरी उरलेल्यावरून हिशेब करून हरवलेला भाग भरता येतो. सगळ्यात पक्क्या प्रकारच्या कोडमध्ये तर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी चालतं. डोळे मात्र शाबूत हवेत.

पुस्तकात कसा आला?

आता जपानातून थेट सोलापूर जिल्ह्यात येऊ. माढा तालुक्यात परितेवाडी नावाचं छोटं गाव आहे. रणजितसिंह डिसले हे गुरुजी २००९ साली तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाले. पुस्तकातल्या कवितेबरोबर तिची चाल ऐकायला मिळाली तर? धड्याबरोबर चित्रफीत दिसली तर? असा विचार करून त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. मोबाईल धरला की कविता ऐकू यायची, गोष्ट दिसायची, गृहपाठ मिळायचा.

एका छोट्या शाळेतली ही कल्पना पुढे मोठी झाली. २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड देण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला, म्हणजे शिक्षक दिनी, देशभरासाठी 'दीक्षा' हे अ‍ॅप सुरू झालं. २०१८ मध्ये दिल्लीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकांतही कोड येणार असं ठरलं. आणि ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा जगातला मोठा शिक्षक पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. रक्कम होती दहा लाख डॉलर! त्यातली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. तिळगूळ वाटून खावा तशी.

एक युक्ती सांगून ठेवते. तुमच्या पुस्तकातल्या कोडजवळ काही अक्षरं आणि आकडे छापलेले असतात. मोबाईलचा कॅमेरा खराब असला तर 'दीक्षा'मध्ये ती अक्षरं हाताने टाकली तरी धडा उघडतो.

आता माझी चूक

२०२२ सालचा जुलै महिना. करोनामुळे लांबलेल्या सुट्टीनंतर वर्ग पुन्हा नीट भरू लागले होते. मी मोठ्या उत्साहात होते. मुलांना सांगितलं, "आज घरी धड्याचा कोड उघडायचा, चित्रफीत बघायची आणि उद्या मला सांगायची."

दुसऱ्या दिवशी विचारलं, "कोणी कोणी पाहिली?" सगळे हात वर! मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मागच्या बाकावरच्या एका मुलीला मी उभं केलं. तिचं नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. ती छान बोलू लागली. पण ती जे सांगत होती, त्यातलं काहीच त्या चित्रफितीत नव्हतं! मुलं खुदुखुदु हसू लागली. आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "पाहिली नाही तर नाही म्हणावं. खोटं का बोलतेस?"

ती खाली मान घालून बसली. मधल्या सुट्टीत डबाही उघडला नाही. मी जवळ जाऊन बसले. बऱ्याच वेळाने ती हळूच म्हणाली, "मॅडम, आमच्या घरी एकच मोबाईल आहे. बाबा तो वावरात नेते. रात्री येते तवा त्याची बॅटरी गेलेली राहाते."

मग तिने ते सगळं कुठून सांगितलं होतं? धड्यातलं चित्र पाहून तिने स्वतःच गोष्ट रचली होती!

मित्रांनो, त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. 'कोणी पाहिलं' हे मी विचारलं होतं, 'कोणाला पाहता येतं' हे विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्गात तिची माफी मागितली. मग सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि विचारलं, "काल ज्याला खरंच मोबाईल मिळाला नाही त्यानेच हात वर करा." निम्म्याच्या आसपास हात वर आले. म्हणजे काल तेवढ्याच जणांनी भीतीने खोटा हात वर केला होता. चूक त्यांची की माझी? तुम्हीच ठरवा.

आणि ही फक्त आमच्या वर्गाची गोष्ट नाही. आपल्या देशात 'असर' नावाची एक मोठी पाहणी होते. गावोगावी जाऊन मुलांना काय येतं, शाळेत काय आहे, घरी काय आहे हे ती विचारते. त्या पाहणीत दिसलं की २०१८ मध्ये खेड्यातल्या शाळकरी मुलांपैकी १०० मधल्या सुमारे ३६ जणांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२० मध्ये हा आकडा सुमारे ६२ वर गेला. वाढला ना भराभर? पण २०२१ च्या पाहणीत आणखी एक गोष्ट कळली. घरात फोन असलेल्या मुलांपैकीही जवळजवळ एक चतुर्थांश मुलांना तो वापरायला मिळत नव्हता. घरात फोन आहे म्हणजे तो मुलाच्या हातात आहे, असं नसतं!

त्या दिवसापासून वर्गात नियम केला. मोबाईल लागेल असा गृहपाठ बंद. मोबाईलचं जे काही काम असेल ते शाळेत, सगळ्यांनी मिळून. चित्रफीत मी आदल्या रात्री घरीच उतरवून आणते, म्हणजे शाळेत नेटवर्क नसलं तरी अडत नाही. आणि फोन सुरू करण्याआधी प्रत्येक गटाने पाटीवर एक प्रश्न लिहायचा, 'आम्हाला यातून काय शोधायचं आहे?' प्रश्न लिहिला नाही तर फोन नाही!

आमची बोलकी झाडं

हिवाळ्यात आम्हाला एक शोध लागला. क्यूआर कोडला दर वेळी इंटरनेट लागतंच असं नाही. कोडच्या पोटात थेट मजकूर भरून ठेवता येतो! मग नेटवर्क नसलं तरी तो वाचता येतो. मग काय, आम्ही ठरवलं, शाळेच्या आवारातली झाडं बोलकी करायची. एका गटाला एक झाड. झाडाबद्दल मुलांनी लिहायचं, मी मोबाईलवरच्या अ‍ॅपने त्याचा कोड करायचा, झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणायचा आणि झाडाजवळच्या पाटीवर डकवायचा.

चिंचेच्या गटाने दोन पानी निबंध लिहिला. तो अख्खा मावलाच नाही! थोडा कापून पुन्हा कोड केला, तर घरं इतकी बारीक झाली की मुंग्यांची रांगच. मोबाईलला काही केल्या वाचता येईना. त्यात आपली मराठी अक्षरं यंत्राच्या हिशेबात इंग्रजी अक्षरांच्या तिप्पट जागा घेतात. मग मुलं बसली कापाकापी करायला. 'हे झाड फार फार मोठे व सुंदर आहे' यातले 'फार फार' उडाले, 'सुंदर' उडाले, शेवटी उरली पाच वाक्यं. पण काय नेमकी! थोडक्यात लिहा, असं मी वर्षभर सांगत होते. ते त्या चौकोनाने एका दिवसात शिकवलं.

कडुनिंबाच्या गटात ती मागच्या बाकावरची मुलगी होती. इतर मुलं म्हणाली, गुढीपाडव्याला पानं खातात ते लिहू, दात घासतात ते लिहू. ती म्हणाली, "निंबोळीचा अर्क लिहू ना." आणि तिने घडाघडा सांगितलं. वाळलेल्या पाच किलो निंबोळ्यांचा भुगा करायचा, रात्रभर पाण्यात भिजत घालायचा, सकाळी फडक्याने गाळायचा आणि शंभर लिटर पाणी करून कपाशीवर फवारायचा, म्हणजे मावा-तुडतुडे पळतात. हे तिने कुठल्या चित्रफितीत पाहिलं होतं? कुठेच नाही. बाबांबरोबर वावरात जाऊन पाहिलं होतं. माझ्याकडच्या कुठल्याही चित्रफितीत ते नव्हतं.

२६ जानेवारीला झेंडावंदनासाठी गावातली मंडळी आली. तिचे बाबाही आले होते. खिशातून तोच मोबाईल काढून त्यांनी कडुनिंबाच्या पाटीसमोर धरला. वाचलं. पुन्हा वाचलं. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. मग ते तिला म्हणाले, "बेटा, बाकी सारं बरोबर लिहिलं तुनं, पण साबणाचं राहिलं ना! साबण नाही टाकला तं अर्क पानाले चिकटणार कसा?"

एकच हशा पिकला. ती आधी लाजली, मग धावत वर्गात जाऊन वही घेऊन आली आणि तिथेच उभं राहून बाबांना विचारून विचारून लिहू लागली. साबण किती? कधी टाकायचा? छापलेल्या कोडमधला मजकूर बदलता येत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही नवा कोड केला. त्यात साबण आहे.

तुम्हीही करून पाहा

यासाठी मोबाईल लागत नाही. चौकटीची वही आणि एक मित्र किंवा मैत्रीण एवढंच हवं. पाच आडवी, पाच उभी घरं आखा. मी ओळी सांगते. १ असेल ते घर काळं करा, ० असेल ते तसंच सोडा.

००१००
०१११०
१११११
०१११०
०१०१०

काय दिसलं? आता तुम्ही स्वतःचं चित्र बनवा, नुसते आकडे मित्राला वाचून दाखवा आणि त्याने तेच चित्र काढलं का ते बघा. एखादा आकडा मुद्दाम चुकवून सांगा. त्याला चूक ओळखता येते का? येत नसेल तर ती ओळखता यावी म्हणून प्रत्येक ओळीच्या शेवटी काय जोडता येईल? विचार करा. हाच विचार कोड बनवणाऱ्यांनीही केला होता.

पालकांशी दोन शब्द

पालकहो, तुमच्यापैकी अनेकांनी लहानपणी दूरदर्शनवर 'बालचित्रवाणी' पाहिली असेल. १९८४ मध्ये पुण्यात सुरू झालेली ती संस्था २०१७ मध्ये बंद झाली. शाळा बंद होत्या तेव्हा, जुलै २०२० मध्ये, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' आली, ज्यांच्याकडे मोबाईल नव्हता त्यांच्यासाठीही. साधनं येतात, जातात, बदलतात. आपल्याला जे आठवतं ते बहुधा शेजारी बसून कोणीतरी विचारलेलं असतं, "का रे, असं का झालं?" तेवढं विचारायला फोन लागत नाही. मोबाईल मुलाच्या हाती द्याल तेव्हा दहा मिनिटं शेजारी बसा. आणि शाळेने दिलेलं काम घरी होण्यासारखं नसेल तर संकोच न करता शिक्षकांना सांगा. आम्हाला ते कळायला हवं.

आणखी एक, हे मुलांनीही लक्षात ठेवा. ओळख नसलेला कोड उघडू नका. पैसे 'मिळवण्यासाठी' कोड स्कॅन करा आणि पिन टाका असं कोणी म्हणालं तर तो नक्की फसवतोय. पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही. आईबाबांना, आजीआजोबांना हे तुम्हीच समजावून सांगा.

तर मित्रांनो, आज संध्याकाळी मोबाईल शोधू नका. आधी घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला एक प्रश्न विचारा, "तुम्हाला असं काय येतं, जे माझ्या पुस्तकात नाही?" जे कळेल ते पाच वाक्यांत लिहा आणि बाईंना किंवा गुरुजींना दाखवा. आणि हो, लिहून झालं की ज्यांनी सांगितलं त्यांना एकदा वाचून दाखवायला विसरू नका. साबण राहिला असेल तर ते सांगतीलच!